म्हस पाह्यली का, भाऊ?

वारलूभाऊ मुका नव्हता. घरात बोलायचा, बैलांशी बोलायचा, धानाच्या बांधीत एकटा असला तर गाणंही म्हणायचा. पण समोर अनोळखी माणूस आला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. एकदा गडचिरोलीहून येताना एसटी आमच्या फाट्यावर थांबली नाही. "थांबवा" एवढंच म्हणायचं होतं. पण कंडक्टर परका! वारलूभाऊ पुढच्या गावाला उतरला आणि भर उन्हात चालत परत आला. चंदाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, उशीर का झाला विचारलं तर म्हणाला, "पाय मोकळे केले."

तिला पाहायला गेला होता तेव्हाही सासऱ्यांच्या सगळ्या प्रश्नांना मामानेच उत्तरं दिली. सासरे खूश. "पोरगा विचारी दिसते," म्हणाले. कसला विचार चालला होता ते चंदाबाईला लग्नानंतर कळलं. पोह्यातली मिरची दाताखाली आली होती आणि पाणी कसं मागावं हे त्याला सुचत नव्हतं.

पुढे मग व्यापाऱ्याशी भाव करणं, पाहुण्यांची विचारपूस, शाळेतल्या गुरुजींना भेटणं, सगळं चंदाबाईकडे. वारलूभाऊ मागे उभा राहून मान हलवायचा. संसार झकास चालला होता.

यंदाच्या उन्हाळ्यात चंदाबाई लेकीच्या, मयुरीच्या बाळंतपणासाठी ब्रह्मपुरीला गेली, आणि त्याच आठवड्यात भुरी हरवली. भुरी म्हणजे त्यांची म्हैस. एक शिंग वर, एक खाली. धान निघाल्यावर आमच्याकडे गुरं मोकळी चरतात. संध्याकाळी सगळी आली, भुरी नाही आली.

वारलूभाऊने फोन लावला.

"वाघानं नेली असंल," तो म्हणाला.

"पाह्यलं का तुमी?" चंदाबाईने विचारलं.

"नाई."

"कोणाले पुसलं का?"

"नाई."

"मंग वाघाले कायले बदनाम करता? जा, गावोगाव पुसा. तोंड देवानं फक्त जेवाले देल्लं का?"

सकाळी वारलूभाऊ निघाला. पहिल्या गावात पानठेल्यावर चार माणसं बसली होती. त्याने चहा घेतला. मग बिस्किटाचा पुडा घेतला. मग पुन्हा चहा. माणसं त्याच्याकडे पाहायला लागली तसा तो उठला आणि पुढच्या गावाच्या रस्त्याला लागला.

तिथे बायनाबाई नावाची म्हातारी अंगणात मोहफुलं वाळवत होती. वारलूभाऊ कुंपणाशी आला, थांबला, पुढे गेला, परत आला. असं दोनतीनदा झाल्यावर म्हातारीनेच हाक मारली.

"कोणाचे पाव्हने जी तुमी?"

वारलूभाऊने तोंड उघडलं. रस्ताभर जुळवलेलं अख्खं वाक्य होतं, त्यातला एकच शब्द बाहेर पडला.

"म्हस."

"म्हशीचे पाव्हने?" म्हातारी इतकी हसली की हातातल्या सुपातली फुलं सांडली. "बसा, बापा, बसा. हरवली का?"

त्याने मान डोलावली आणि बसला. मग बायनाबाई सुरू झाली. तिची स्वतःची म्हैस कशी नदी ओलांडून भलत्याच्या गोठ्यात राहिली होती, नवऱ्याने कशी तिकडेच दोन दिवस पंगत झोडली होती, सगळं आलं. वारलूभाऊ ऐकत राहिला आणि मध्येच त्याच्या तोंडून गेलं, "आमची भुरी भल्ली हट्टी हाये. एक शिंग वर, एक खाली." अख्खी दोन वाक्यं! त्याने स्वतःच दचकून इकडेतिकडे पाहिलं.

"असंच पुसत जा," बायनाबाई म्हणाली. "म्हशीचं नाव काढलं का मानसाचं तोंड आपोआप उघडते."

खरंच होतं ते. पुढच्या गावात त्याने पिंपळाखाली बसलेल्या माणसाला डोळे मिटून विचारलं, "म्हस पाह्यली का, भाऊ?" डोळे उघडेपर्यंत तो माणूस सरकून त्याला जागा करून देत होता. कोणी वाघाची गोष्ट सांगितली, कोणी जावयाची. एका बाईने तर म्हशीसाठी आणि वारलूभाऊसाठी, दोघांसाठी औषध सांगितलं.

शेवटी जंगलातल्या एका गावात लालसू नावाच्या माणसाच्या गुरांमध्ये भुरी सापडली. वारलूभाऊ पोचायच्या आधीच त्याची बातमी पोचली होती. "जोहार! तुमीच का ते शिंगवाले?" लालसू म्हणाला. त्याने आंबील पाजली आणि जंगलाच्या कडेपर्यंत सोबत केली. वाटभर दोघे बोलत होते. भुरी मध्ये चालत होती.

म्हैस घरी आली आणि पंचाईत झाली. आता विचारायचं काय? बाजाराच्या दिवशी वारलूभाऊ चामोर्शीला गेला, एका अनोळखी माणसाशेजारी बसला. घसा खाकरला. काही सुचेना. आणि मग आपसूक निघालं, "आमची म्हस हरवली, भाऊ. एक शिंग वर, एक खाली."

तासभर गप्पा झाल्या. असल्या रंगल्या की पुढच्या बाजारीही त्याने तेच केलं. काळीपिवळी जीपमध्ये बसला तरी तेच. भुरी गोठ्यात निवांत रवंथ करत होती आणि तालुकाभर हरवलेली होती.

चंदाबाई नातवाचं तोंड पाहून परतली त्याच दिवशी दारात एक छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला. धानाच्या गिरणीवर काम करणारा, बाजारात भेटलेला प्रफुल आणि त्याचा एक दोस्त खाली उतरले. मागे म्हैस. एक शिंग वर, एक खाली.

"सापडली, वारलूभाऊ!" प्रफुल ओरडला. "गिरणीमागं फिरून राह्यलती."

चंदाबाईने गाडीतल्या म्हशीकडे पाहिलं, मग गोठ्यातल्या म्हशीकडे, मग नवऱ्याकडे. "मी एक सोडून गेलती," ती म्हणाली.

वारलूभाऊ मागे सरकला. पण पळायला जागा नव्हती. "आमची तं कवाचीच सापडली," तो प्रफुलला म्हणाला. "पण तुमच्यासंग बोलाले दुसरं काई सुचत नव्हतं."

प्रफुल क्षणभर चिडला. मग दोस्ताकडे पाहून हसतच सुटला. चंदाबाईने सगळ्यांना चहा पाजला आणि नवऱ्याला म्हणाली, "आता हिचा मालक शोधा. मी येत नाई."

या वेळी त्याला उलटं विचारायचं होतं, तुमची हरवली का? तीन-चार गावं फिरल्यावर एक बाई म्हणाली, "सोमाजीच्या कोठ्यात खुटा रिकामा दिसते. पण तो कोनासंग बोलत नाई."

सोमाजी अंगणात एकटाच खाट विणत होता. वारलूभाऊला पाहून त्याने मान खाली घातली आणि दोरी उगाचच ओढायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. ते लाल कान वारलूभाऊने ओळखले. या माणसाची म्हैस गेली आणि त्याने कुणालाही, अगदी कुणालाही विचारलं नव्हतं.

वारलूभाऊने म्हशीचं नावच काढलं नाही. तो खाटेच्या दुसऱ्या बाजूला उकिडवा बसला.

"हे टोक धरू का, भाऊ?"

सोमाजीने दोरी सरकवली. एक ओळ झाली, दुसरी झाली. वारलूभाऊ दोरीबद्दल बोलला, ब्रह्मपुरीच्या नातवाबद्दल बोलला, एसटीच्या कंडक्टरबद्दलही सांगितलं. तिथे सोमाजी खुदकन हसला.

"मी तं दोन गावं पुढं गेलतो एकदा," तो हळूच म्हणाला.

मग दोघांनी मिळून कंडक्टर लोकांचा चांगला समाचार घेतला. तेवढ्यात वारलूभाऊचा फोन वाजला. चंदाबाई विचारत होती, मालक सापडला का, एवढा उशीर काऊन?

"थांब थोडी," वारलूभाऊ म्हणाला. "आमी बोलून राह्यलो." आणि त्याने फोन ठेवला.