तानुबाईंनी मारू न दिलेली अळी

तानुबाई रोज सकाळच्या बसने देऊळघाटहून बुलढाण्याला येतात आणि एका कॉलनीतल्या सात घरांच्या बागा सांभाळतात. आयुष्याची तीस वर्षं कपाशीत गेली. शोभेची झाडं आधी त्यांना रिकामटेकडी वाटायची. ना शेंग, ना बोंड. मग कधी लळा लागला ते त्यांनाही सांगता येत नाही.

यंदा फेब्रुवारीत शैलजाबाईंच्या कुंपणाच्या जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला. शैलजाबाई निवृत्त शिक्षिका. जास्वंद त्यांनी स्वतः लावलेली. शेंड्याशेंड्याला पांढरं पीठ, पानं आखडलेली, कळ्या उमलायच्या आधीच गळून जात.

"उपटून टाका," शेजारचे शेषराव कुंपणापलीकडून म्हणाले. "मी माझ्या जास्वंदीवर दोनदा जहाल औषध मारलं. कीड पुन्हा हजर."

तानुबाई खाली बसून खोड बघत होत्या. "बाई, मुंगळे पाहा कसे चढून राह्यले. ह्या किडीतून गोड चिकटा निघते. तो खायाले मुंगळे येतात अन् किडीले राखतात. आधी त्याइचा रस्ता बंद करू."

त्यांनी खराब शेंडे छाटून पिशवीत बांधले, उरलेलं झाड पाइपच्या जोरदार पाण्यानं धुतलं आणि प्रत्येक खोडाला ग्रीस लावलेली चिंधी गुंडाळली. मुंगळे खालीच अडकून राहिले.

आठ दिवसांनी शैलजाबाई साबण आणि निंबोळी अर्काचं पाणी पंपात भरून तयार होत्या. झाडावर पुन्हा पांढरं दिसत होतं, आणि आधीपेक्षा मोठं.

"थांबा बाई," तानुबाई एकदम म्हणाल्या.

"का हो?"

"हे चालून राह्यलं. पिठ्या असा चालत नाही."

शैलजाबाईंनी घरातून भिंग आणलं. दोघी डोक्याला डोकं लावून फांदीवर वाकल्या. पांढऱ्या झिपऱ्यांची एक अळी तुरुतुरु पुढे गेली, एका ढेकणाला तिनं गाठलं आणि शांतपणे खायला लागली. शेजारच्या पानावर तशाच आणखी चार.

"ढालकिड्याची पिल्लं," तानुबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, जणू जोरात बोललं तर ती पळून जातील. "कपाशीत पाह्यली होती मी. सोंग घेऊन राहतात पिठ्याचं. आपण फवारलं असतं त आपलीच माणसं मेली असती."

शैलजाबाईंनी पंप खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दोघींसाठी चहा टाकला. सगळी सकाळ त्या भिंग आळीपाळीनं घेऊन बसल्या. सात बागांपैकी सहा त्या दिवशी तशाच राहिल्या.

मार्च संपता संपता कुंपण लालभडक झालं. शेषराव आले, थोडे घुटमळले. "तानुबाई, माझ्याकडं आहेत का हो ते ढालकिडे?"

"असतीन कुठून? तुमच्या औषधानं तेही गेले," त्या हसून म्हणाल्या. मग अळ्या असलेली एक डहाळी कापून त्यांनी शेषरावांच्या हातात दिली. "झाडाले बांधून ठेवा. अन् औषधाची बाटली कपाटात."

शेषराव ती डहाळी दोन्ही हातांत धरून, वाऱ्याला पाठ करून, अगदी हळूहळू घरी निघाले. ते फाटकाआड जाईपर्यंत तानुबाईंनी कसंबसं हसू दाबलं. मग शैलजाबाईंकडे पाहिलं आणि दोघींनाही ते आवरेना.