राष्ट्राध्यक्षांची तसबीर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय दिव्य असतं, ते तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

परवा सोलापुरात माझा सत्कार झाला. निवृत्त राजदूत, शुक्रवार पेठेचा सुपुत्र, वगैरे. 'मातीशी नाळ न तोडलेला माणूस' असं अध्यक्ष म्हणाले आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. अहो, कुणी सांगितलं तुम्हाला? काही चौकशी? पण त्यांच्यावर चिडून काय उपयोग — हारासाठी मान मीच पुढे केली होती.

नरसय्या माझा शाळेतला मित्र. घरचा माग होता. भिंतीवर टांगायच्या तसबिरी विणायचा, सुतात माणसाचा चेहरा उतरवायचा. मी पहिल्यांदा राजदूत झालो तेव्हा त्याने त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांची तसबीर विणली — वर्तमानपत्रातल्या फोटोवरून, सगळा पावसाळा मागावर बसून. "तुज्या हातानं दे त्यांना," म्हणाला.

चेहरा ओळखू येत होता. फक्त जरासा आमच्या पेठेतला वाटत होता — गाल भरलेले, डोळ्यांत काजळ घातल्यासारखं. आता वाटतं, किती गोड होता! पण तेव्हा? त्या राजवाड्यात, त्या संगमरवरावर हे उलगडायचं? देऊ नका, असं कुणीही म्हटलं नव्हतं. हाताखालचा अधिकारी तर म्हणाला होता, साहेब, छान आहे. मीच — मीच कच खाल्ली, आणि चंदनाची पेटी देऊन मोकळा झालो.

नरसय्याला मात्र फोनवर सांगितलं, त्यांनी ती दिवाणखान्यात लावली.

एवढं तरी कशाला बोलायचं? नियमात बसलं नाही म्हणालो असतो, तर दोन शिव्या हासडून तो गप्प बसला असता. पण नाही! मला तसबिरीची लाजही वाटत होती आणि ती दिल्याचं कौतुकही हवं होतं. आणि असल्या माणसाला देशाने आपल्या वतीने बोलायला पाठवलं!

पुढे नरसय्याने माग मोडीत काढला, टॉवेलच्या कारखान्यात लागला. ती तसबीर त्याची शेवटची ठरली.

सत्कारानंतर तो पेठेतल्या आमच्या जुन्या घरी चहाला आला. बशीत चहा ओतत म्हणाला, "माज्या हातचं एकबी घरात ऱ्हायलं न्हाय बघ. नात विचारती, तुमी काय इणायचा म्हणून. काय दाखवू तिला? पण ते एक लई चांगल्या जागी हाय. हाय की रे अजून?"

ती माळ्यावरच्या ट्रंकेत होती. बरोबर आमच्या डोक्यावर. स्टूल घेऊन चढलो असतो, तर त्याचा चहा निवायच्या आत खाली आली असती.

तेव्हा म्हणे मला राजवाड्याचा धाक होता. परवा समोर कोण होतं? बशीतून चहा पिणारा नरसय्या.

"आहे की," म्हणालो. "आत शिरलं की समोरच्याच भिंतीवर."

तो खूश होऊन गेला. नातीला सांगितलंही असेल. ट्रंक अजून माळ्यावरच आहे.