ताईच्या नावचा अनुभव

आमच्या मंडळाच्या मासिकाची शेवटची चार पानं भक्तांच्या अनुभवांसाठी राखलेली असत. लोक गुरुवारी महाराजांच्या फोटोपुढे हात जोडून कबूल करायचे की पोराला नोकरी लागू दे, सासूचं दुखणं बरं होऊ दे, तुमचा अनुभव मासिकात छापीन. नवसच तो, नारळाऐवजी कागदाचा. काम झालं की पोस्टकार्डं आणि आंतरदेशीय पत्रं यायची. 'छापण्यास विलंब झाला, महाराजांनी क्षमा करावी' अशी त्यात गयावया असायची. मी तेव्हा अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत टायपिस्ट होते. रविवारी बोरिवलीला मंडळाच्या खोलीत बसून मी त्या पत्रांचे अनुभव करायची.

'करायची' असंच म्हणायला हवं. लोक कसंही लिहीत. एका बाईंनी नवऱ्याच्या अल्सरबद्दल लिहिता लिहिता दोन पानं दिराच्या खोलीच्या भांडणावर खर्च केली होती. मी सगळं ओळीत बसवायची. आधी संकट, मग डॉक्टरांनी हात टेकले, मग कोणीतरी अंगारा आणून दिला, मग गुण आला. डॉक्टरांनी टेकले नसले तर मी टेकवायची. संपादक म्हणजे एक निवृत्त हेडक्लार्क होते, त्यांना आम्ही काका म्हणायचो. त्यांचा एकच नियम होता, औषधाचं काही छापायचं नाही. "औषध लिहिलंस की वाचणाऱ्याची श्रद्धा औषधाकडे जाते गं," असं ते म्हणायचे, आणि मला ते पटायचं. तुझे अनुभव वाचून बायका रडतात, हेही तेच म्हणायचे. ते मला फारच पटायचं.

घरी आम्ही दोघीच होतो, ताई आणि मी. ती महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवायची. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यात तिचं लग्न राहून गेलं, आणि त्याबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही. मंडळाबद्दल मात्र काढायची. रविवारी संध्याकाळी मी चपला काढत असतानाच आतून आवाज यायचा, "काय गं, आज कितींना वाचवलंस?" मी फणकारायची. ती हसायची आणि चहा टाकायची.

मग तिला ताप यायला लागला, अंगावर निळे डाग उठायला लागले, आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. मी काय केलं असेल ते सांगायला नको. गुरुवार धरले, अंगारा आणला, आणि फोटोपुढे उभी राहून म्हणाले, ताईला उठवा, मी तिचा अनुभव छापीन. उपचार चालूच होते. तिचे केस गेले, तोंडात फोड आले, घोटभर पाणी गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पाच महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "सध्या रक्त साफ आहे. गोळ्या थांबवायच्या नाहीत, दर महिन्याला दाखवायचं." ते वाक्य मी ऐकलं आणि त्यातलं मला हवं तेवढंच घरी आणलं.

त्याच रात्री मी लिहायला बसले. ताई म्हणाली, "थांब ना थोडं. पुढचा रिपोर्ट तरी येऊ दे."

"नवस लांबवू नये, ताई."

"मग खरं तरी लिही. गोळ्यांचं लिही. आमच्या शाळेच्या शिपायाने दोनदा रक्त दिलं, त्याचं लिही."

"तसं नसतं लिहायचं."

"कोणी ठरवलं?"

मी कागद पुढे ओढला. तिच्या तोंडून, 'मी' 'मी' करत, दीड पान लिहिलं. 'डॉक्टरांनी हात टेकले', 'अंगारा जिभेवर ठेवला', 'आज मी पूर्ण बरी आहे'. खाली 'एक शिक्षिका, अंधेरी'. तिने सही केली. मला नाही म्हणणं तिला कधीच जमलं नाही, आणि त्याचा मी जन्मभर फायदा घेत आले होते.

मासिक छापून यायला दोन महिने लागत. तेवढ्यात दुखणं उलटलं. गोळ्या तिने एक दिवस चुकवल्या नव्हत्या, तरी उलटलं. पोस्टमनने अंक टाकला तेव्हा ती पलंगावर उशीला टेकून होती. मी अंक लपवायला निघाले तर म्हणाली, "आण इकडे. आणि माझ्या शाळेच्या पिशवीतलं लाल पेन दे."

अर्धा तास लागला तिला. 'पूर्ण बरी' वर काट मारली. समासात लिहिलं, 'गोळ्या कुठे आहेत? रक्त कोणी दिलं?' डॉक्टरांच्या टेकलेल्या हातांवर प्रश्नचिन्ह. खाली, वहीवर द्यायची तसे, दहापैकी तीन गुण. "शुद्धलेखनाचे आहेत ते," म्हणाली. मग गंभीर झाली. "पुढच्या अंकात दुरुस्ती छाप. कोणीतरी हे वाचून औषध बंद करेल. करशील ना?"

मी करीन म्हणाले.

काकांपुढे मी तो लाल पेनाचा अंक ठेवला. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला, घडी करून परत दिला. "अनुभवाची दुरुस्ती नसते गं. लोकांच्या श्रद्धेला धक्का लागतो." मी वाद घातला नाही. घातला असता तर काय झालं असतं ते माहीत नाही, पण मी घातला नाही. मला माझी चार पानं हवी होती. घरी येऊन ताईला सांगितलं, छापणार आहेत. ती म्हणाली, "शाब्बास." दोन आठवड्यांनी ती गेली. शांतपणे वगैरे गेली नाही. हे लिहितानाही तो शब्द हातून दोनदा आला आणि दोनदा खोडला. सगळी रात्र तिच्या नाकातून रक्त येत होतं आणि मी टॉवेल बदलत होते. काका भेटायला आले तेव्हा म्हणाले, "शेवट शांत झाला ना? तोही अनुभवच असतो." मी त्यांना पाणी दिलं.

त्यानंतर महिन्याभराने, एका शनिवारी दुपारी दार वाजलं. दारात माझ्याच वयाची एक बाई, हातात पिशवी, पिशवीत नारळ, आणि घडी घातलेला आमचा अंक. घाटकोपरहून आली होती. मंडळातून पत्ता मिळवला होता. "त्या शिक्षिकाबाई इथंच राहतात ना? नुसतं दर्शन घ्यायचंय. माझ्या मुलीला हेच दुखणं आहे."

माझ्यामागे भिंतीवर ताईचा हार घातलेला फोटो होता. मी दार पुढे ओढून घेतलं. "शाळेत गेलीय," माझ्या तोंडून गेलं.

तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे शाळेतपण जातात!" तिने डोळे पुसले. "मी सांगितलंच होतं ह्यांना. मुलीला लई उलट्या व्हायच्या हो गोळ्यांनी. तुमचं वाचलं आणि परवापासून गोळ्या बंद केल्या. आता फक्त अंगारा."

मी दार सताड उघडलं. फोटो दाखवला. सांगितलं, ताई गेली, महिना झाला, ती गोळ्या शेवटपर्यंत घेत होती, छापलेलं मी लिहिलंय, तिने नाही. आत जाऊन लाल पेनाचा अंक आणला, तिच्यापुढे धरला.

ती फोटोकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "आत्ता तर शाळेत गेलीय म्हणालात."

"खोटं बोलले मी. गोळ्या बंद करू नका. आज जाऊन सुरू करा, हात जोडते."

"मग यात छापलंय ते?"

"तेही खोटं."

तिने पिशवी छातीशी धरली. चिडली नाही. उलट माझी कीव आल्यासारखं हळूच म्हणाली, "तुमच्या ताईंची श्रद्धा कुठेतरी कमी पडली असेल." आणि जिना उतरायला लागली. मी कठड्यावरून ओरडून पुन्हा गोळ्यांचं सांगितलं. शेजारच्या दोन दारांतून डोकी बाहेर आली. ती थांबली नाही. तिच्या तोंडचं वाक्य माझ्या ओळखीचं होतं, मीच कितीदा लिहिलं होतं. नाव, पत्ता काही विचारायचं मला सुचलं नाही.

मी मंडळात जाणं सोडलं नाही. एवढं होऊनही हिची निष्ठा ढळली नाही, असं लोक कौतुकाने म्हणायचे. मी रविवारी फक्त टपाल बघायला जायची. पत्रांचा गठ्ठा सोडून आधी शिक्के बघायची, मालाड, मुलुंड, वांद्रे. तो गठ्ठा उलटताना एकदा लक्षात आलं, की इथे पत्रं फक्त बऱ्या झालेल्यांची येतात. बाकीचे कशाला लिहितील? सहा वर्षं तो गठ्ठा हातात घेऊन हे मला एकदाही सुचलं नव्हतं. दीड वर्ष मी शिक्के बघितले. घाटकोपरच्या त्या बाईचं पत्र आलं नाही.