पडद्याचं तोंड धुणारे भाऊ

शुक्रवार, महिनाअखेर. दुपारी चार. महापे, दुसरा मजला, मीटिंग रूम. हजर: दिवसपाळीचे सहा जण, संध्याकाळच्या पाळीचे चार, एचआरच्या बाई, पाळ्यांची प्रमुख म्हणून मी आणि निवृत्त होणारे भाऊ. शाल एक, श्रीफळ एक, केक एक. यादीत होतं ते सगळं आलं होतं. भाऊंनी दारातच सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "सुषमा बाय नाय आली?"

"कळवायचं राहिलं," मी म्हणाले. भाऊ आत गेले.

भाऊंची ओळख सांगायची तर पहिली गोष्ट ही, की ते कुठल्याही कन्सोलसमोर बसले की कामाला हात लावण्याआधी 'रीसेट' टाइप करायचे. का, असं विचारलं की म्हणायचे, "आदी पडद्याचं तोंड धुवा. मागच्याचा शेंबूड लागलेला असतो त्याला."

आमचं काम थोडक्यात सांगते. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभी केलेली कितीतरी मशीन असतात, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यांना स्वतःचा पडदा नसतो. मशीन चालू होताना जे काही सांगते ते आमच्या संगणकावर एका काळ्या चौकटीत उमटतं. ती चौकट म्हणजे कन्सोल. आता मशीन जी अक्षरं पाठवते त्यात न दिसणारे हुकूम मिसळलेले असतात: हिरव्या रंगात लिही, एक ओळ वर जा, ही ओळ पूस. अशा हुकमाच्या आधी सत्तावीस क्रमांकाचं एक अदृश्य चिन्ह येतं. ते आलं की कन्सोल पुढची अक्षरं छापत नाही, मुकाट्याने हुकूम पाळतो. पुस्तकात त्याला एस्केप सिक्वेन्स म्हणतात. भाऊ म्हणायचे 'सत्तावीस नंबर'.

भाऊ घणसोली गावचे. वडिलांची भातशेती जिथे होती तिथे आता टॉवर आहेत. कंपनीत ते आले जनरेटर सांभाळायला. तिथून बघून बघून, विचारून विचारून कन्सोलवर आले. डिग्रीवाले इंजिनिअर अडले की त्यांच्याच खुर्चीमागे जाऊन उभे राहत. टोपण लावलेलं पेन पडद्यावर ठोकत विचारायचे, "सत्तावीस नंबर बघितला काय?" डब्यात सुकट असली की एसीमुळे तो वास सगळ्या मजल्यावर फिरायचा. कोणी नाक धरलं तर माझ्याकडे बघून म्हणायचे, "वास येतो म्हंजे एसी चालू हाय. खूण करा तुमच्या यादीत."

एकदा भर दुपारी एका नव्या इंजिनिअरने चुकीची फाइल कन्सोलवर उघडली आणि सगळी अक्षरं जाऊन त्या जागी रेघा-चौकटी उमटू लागल्या. तो काही टाइप करी, त्याच्याही रेघाच होत. "व्हायरस! व्हायरस!" अशी ओरड झाली. मी लगेच कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी करायला घेतली. भाऊ चहाचा कप हातात धरून आले, काहीच वाचता येत नसताना एका हाताने 'रीसेट'ची पाच इंग्रजी अक्षरं टाइप केली, एंटर मारला. पडदा स्वच्छ. "व्हायरस नाय, पडदा बहकला व्हता," ते म्हणाले, "तुमी यादी पुरी करा मॅडम, पुडं कामाला येल."

माझ्या यादीची ते अशी मजा करत, पण यादीला हसत नसत. त्यांचं एकच म्हणणं असे: "पडद्यावर दिसतं ते शेवटचं. मदी काय झालं ते इचारा." मी दहा वर्षं हे ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं.

सुषमा आमच्याकडे नवी होती, प्रोबेशनवर. एका गिऱ्हाइकाचं मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं काम तिच्याकडे होतं. कन्सोलवर 'शंभर टक्के, ठीक' आलं, तिने खूण केली, पाळी सोपवली. दुसऱ्या दिवशी कळलं, मशीनला एक डिस्क जोडलीच गेली नव्हती. गिऱ्हाइकाच्या एका दिवसाच्या नोंदी गेल्या. मशीनने पाठवलेल्या सगळ्या अक्षरांची नोंद, म्हणजे लॉग, एका फाइलमध्ये साठत असते. ती मी साध्या एडिटरमध्ये उघडली. मधोमध ओळ होती: डिस्क सापडत नाही. ढळढळीत.

"मॅडम, ही ओळ मी पाहिलीच नाही. शपथ घेऊन सांगते," सुषमा म्हणाली.

"लॉगमध्ये आहे सुषमा. मी वाचतेय ना समोर."

"पण पडद्यावर नव्हती. मी उठलेसुद्धा नव्हते जागेवरून."

भाऊ त्या आठवड्यात पुतणीच्या हळदीसाठी रजेवर होते. मी थांबले नाही. अहवाल वेळेत जायला हवा होता. मी लिहिलं, 'इशारा समोर असूनही दुर्लक्ष.' त्या एका वाक्यावर तिला कायम करणं पुढे ढकललं गेलं. तिसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

भाऊ परतले, त्यांनी अहवाल वाचला आणि मला उठवून कन्सोलपाशी नेलं. पडद्याचं तोंड धुतलं. तोच लॉग त्यांनी कन्सोलवर पुन्हा, अगदी संथ गतीने सोडला. गिऱ्हाइकाच्या प्रोग्रॅमचा टक्केवारीचा आकडा पुढे सरकत होता. प्रत्येक नव्या आकड्याआधी 'एक ओळ वर जा, ओळ पूस' असा हुकूम होता. मध्येच डिस्कची ओळ आली आणि पुढच्या आकड्याने आपली जुनी ओळ समजून तीच पुसली. साधा एडिटर असे हुकूम पाळत नाही, म्हणून तिथे ती शिल्लक राहिली होती. मग भाऊंनी वेग नेहमीचा केला. मी डोळे ताणून बसले होते, काय शोधायचं ते मला ठाऊक होतं, तरी ती ओळ मला दिसली नाही.

"तुमी एडिटरात बघितलं. तिनं पडद्यावर. दोगी खरं बोलत व्हत्या," भाऊ म्हणाले. "लिवलं मात्र एकीनंच."

मी त्याच दिवशी सुधारित अहवाल पाठवला. कन्सोलने असे हुकूम पाळण्याऐवजी लॉगशेजारी उघड दाखवावेत, अशी सोय करून घेतली. पाळी सोपवण्याच्या तक्त्यात 'मूळ लॉग पाहिला' हा रकाना घातला. हे सगळं भाऊंना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "कागद सुदारला मॅडम. मानूस राह्यला."

निरोप समारंभात त्यांना बोलायचा आग्रह झाला. "मी काय बोलनार? पडदा धूत जावा," एवढंच म्हणून ते बसले. सगळे हसले. निघताना मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. माझ्या हातातल्या वहीकडे बघून त्यांनी विचारलं, "यादीत हाय ना?"

"आहे."

"कधीपासून?"

मी वही मिटली. लिफ्ट आली, ते गेले.

त्याला आता काही महिने झाले. मी कुठल्याही मशीनसमोर बसले की आधी रीसेट टाइप करते. घरी, नेरूळला, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवरसुद्धा. हात तसाच वळतो. वहीतलं ते पान मात्र मी दर महिन्याला नव्या वहीत उतरवून घेते. शाल, श्रीफळ, केक यांवर खुणा झाल्या. खाली एक ओळ आहे: सुषमाला फोन करून सांगणे, की ती खरं बोलत होती. सुषमा आता उलव्याला असते, नंबर तोच आहे. आज शनिवार, सुट्टी, सकाळचे अकरा. फोन चार्ज केलेला समोर ठेवला आहे. खूण करायची राहिली आहे.