गोजराबाईंची शिकवणी

नेरे गावच्या गोजराबाईंची जमीन विकली गेली, पोरांनी गुळगुळीत फरशीचा बंगला बांधला आणि गोठ्याच्या जागी भाडेकरूंच्या खोल्या उठल्या. नवरा गेणबा गॅलरीत बसून हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या बघत राही. गोजराबाईंना मात्र करमेना. सकाळी पाचला जाग यायची आणि धार काढायला दारात जनावर नाही. शेवटी वर्षभरात त्या डोंगराकडेच्या मिशनच्या शेतीवर गेल्या आणि सिस्टर हेमलतांना म्हणाल्या, "सिस्टरबाई, मला काम नको, म्हस द्या."

सिस्टरनी दोन्ही दिलं.

मिशनच्या शेतीवर परदेशातून माणसं सहा-आठ महिने राहायला येत, फुकट राबत. २००३ साली दोघं होती. एक आयर्लंडची निवृत्त नर्स ब्रिजिट, जिला गोजराबाई बिजाबाई म्हणत. दुसरा डेन्मार्कचा सहा फुटी लार्स. पहाटे घंटा झाली की प्रार्थना, मग शेण काढणं, मग वैरण. न्याहारीला भाकरी. बिजाबाई ती काट्याचमच्याने खायची. दुपारी भाताच्या खाचरात दोघं गुडघाभर चिखलात उभी राहत आणि पाय निघाला की बूट आतच राहत. गोजराबाई म्हणायच्या, "एवढी शिकलेली माणसं, आन् चिखलात बूट घालून!"

लार्सला मराठी शिकायची फार हौस. पुस्तकातलं त्याला जमेना, म्हणून तो रोज धारेच्या वेळी गोठ्यात उकिडवा बसे आणि कान देऊन ऐके. भुरी नावाची म्हैस मोठी द्वाड होती. तिच्याशी गोजराबाईंचं बोलणं अखंड चालायचं. लार्स मान हलवत सगळं पुटपुटत राही. गोजराबाईंना वाटायचं, जप करतोय.

श्रावणात शेतीच्या कागदांवर सही करायला सरपंच विठ्ठलराव आले. सिस्टर आत कागद शोधत होत्या, म्हणून पाहुणचार लार्सने हाती घेतला. पांढऱ्या टोपीतल्या सरपंचांना त्याने हसून हात जोडले, खुर्ची दाखवली आणि म्हणाला, "मागं सरक की गं! हितं उभी ऱ्हा!"

सरपंच गोंधळून मागं सरकले. लार्सला हुरूप आला. त्याने बिस्किटांची बशी त्यांच्या तोंडापाशी धरली. "खा की, भवाने! डोळं काय वटारतीस?" आणि विठ्ठलरावांच्या पाठीवर प्रेमाने दोन थापा दिल्या.

दारात उभ्या गोजराबाईंनी पदराने तोंड झाकलं.

"ह्याला कुणी शिकवलं हे?" सरपंच ओरडले. लार्सने अभिमानाने बोट दाखवलं. "गोजराबाई!"

सरपंच सही न करता, चहाही न घेता गेले. सिस्टर हसू दाबत म्हणाल्या, "गोजराबाई, तो तुमच्याकडूनच शिकतोय. आता म्हशीशीसुद्धा नीट बोला."

दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात वेगळीच भाषा सुरू झाली. "भुरीताई, जरा पाय काढता का? वैरण घ्या ना." भुरीने मान वळवून बघितलं आणि पान्हा चोरला. पुढचे दोन दिवस दूध निम्म्यावर. तिसऱ्या दिवशी तिने बादलीच उलटी केली.

"सिस्टरबाई," गोजराबाई कपडे पिळत म्हणाल्या, "म्हशीला वाटतंय दुसरीच कुणी बाई आलीय. एकतर ह्याला सांभाळा, न्हाईतर तिला."

"मग त्याला गोठ्याबाहेर शिकवा. दुपारी एक तास."

"मी? मला अक्षर येत न्हाई एक!"

"त्याला कुठं लिहायचंय? बोलायचंय."

तशी शिकवणी सुरू झाली, आंब्याच्या सावलीत. पाहुण्याशी कसं बोलावं हे दाखवायला पाहुणा हवा, म्हणून गेणबाला बोलावलं. गोजराबाई म्हणायच्या, "या, बसा. दमला असाल. च्या टाकू का?" लार्स तेच म्हणायचा, बिजाबाईही म्हणायची. प्रत्येक वेळी गेणबाला खरोखर चहा मिळायचा. तो रोज वेळेआधी हजर राहू लागला.

पंधरा दिवसांनी लार्स एकटाच विठ्ठलरावांच्या घरी गेला. ओसरीवर ते सुपारी कातरत बसले होते. लार्सने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "माफ करा. या, बसा. दमला असाल. च्या टाकू का?"

विठ्ठलराव स्वतःच्याच घरात बसलेले. ते इतके हसले की अडकित्ता खाली पडला. "अगं, च्या आण!" ते आत ओरडले. "सायेब मलाच माझ्या घरी पावणा करतोय!" शेतीचे कागद त्यांनी त्याच आठवड्यात सही करून धाडले.

लार्स माघात गेला. जाताना गोजराबाई रडल्या, आणि रडताना त्याच्या बारीक झालेल्या पोटावरून त्याला रागावल्याही. मग दरवर्षी नवी माणसं आली आणि शिकवणी चालूच राहिली. सिस्टरनी एक फळा आणला होता, त्यावर गोजराबाई मिरच्या वाळत घालत.

२००८ साली एक जर्मन प्राध्यापक आला. वही उघडून त्याने विचारलं, "खुर्ची 'ती' का? टेबल 'ते' का?"

गोजराबाईंनी बराच विचार केला. "खुर्ची बाई हाय," त्या म्हणाल्या. "कुणीबी येऊन बसतं, ती काय बोलत न्हाई."

प्राध्यापकाने ते लिहून घेतलं. मग सगळे भात लावायला गेले.