लंडन, न्यू जर्सी आणि रोह्याचं तळं

पेणहून सकाळची गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पांढऱ्या कमळाची सहा रोपं होती. मामाच्या रोपवाटिकेतून मी पहिल्यांदाच एकटी निघाले होते. इंग्लिश मीडियमची म्हणून तूच जा, पण रोपं परत आणलीस तर पुन्हा पाठवणार नाही, असं मामाने बजावलं होतं. वाटेतल्या कासू स्टेशनपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. पुढेही नाही.

रोपं मागवणारी भावंडं रोह्यात आली होती, भाऊ लंडनहून आणि बहीण न्यू जर्सीहून. वडिलांच्या घरामागे दोघांना तळं हवं होतं. दादा त्या जागेला गार्डन म्हणत, ताई यार्ड. दादांच्या मते यार्डात फरशी असते; ताईंच्या मते गार्डनमध्ये वांगी लागतात. दादांचा टॅप, ताईंचा फॉसेट. खोदकामाला आलेल्या ताराबाईंनी मला हळूच विचारलं, "कशावरनं भांडतात गो?"

"नळावरून."

"आमच्या वाडीत पण नळावरनंच होतात," त्या समाधानानं म्हणाल्या.

खड्डा दादांनी मीटरमध्ये आखलेला, तळाशी अंथरायचं प्लास्टिक ताईंनी फुटांत मागवलेलं. हिशेब अगदी जुळला. फक्त खोली दोघांपैकी कुणीच धरली नव्हती. प्लास्टिक खड्ड्यावर झाकणासारखं बसलं. दोन्ही देश पुन्हा मोजायला लागले. इकडे रोपांचं गोणपाट वाळत चाललं होतं.

"भाताच्या खाचरात कोण पलास्टिक घालतंय? माती तुडवायची, मग पाणी झिरपत नाय," म्हणत ताराबाई पाणी सोडून खड्ड्यात उतरल्या. मागोमाग दादा, ताई. मी काठावरच.

"तू काय पावनी हायस?"

सलवार खोचून उतरले. ताई घसरल्या, त्यांनी दादांना धरलं, दादांनी मला, आणि तिघंही चिखलात बसलो. इतक्या मोठ्यानं मी चारचौघांत कधीच हसले नव्हते.

पाणी भरल्यावर ताराबाईंनी खूण केलेली काठी रोवली. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाताना चौघांचे डोळे काठीवर. तासाभरात पाणी बोटभर उतरलं. परत न्यावी लागणार म्हणून मी रोपं गुंडाळायला घेतली.

"थांब गो. तेवढं माती पितेच."

आणखी तासाभरानं पाणी जागच्या जागी होतं. सहाही रोपं मी स्वतः लावली.

परतीच्या गाडीत समोरच्या बाईंनी माझे पाय पाहून विचारलं, लावणी आटपली काय? नाही, तळं केलं, मी म्हणाले. कुणाचं?

"आमचं," तोंडातून निघून गेलं, आणि पेण येईपर्यंत मी बोलतच राहिले.