आत्याचं खळं की सोसायटीचं पार्किंग?

मंडळी, आज निघालो होतो वज्रेश्वरीला, पोचलो कोर्टात! मानकोलीच्या आत्याने वाटेतच धरलं, "चल रं, सोबतीला कुनी न्हाय."

आत्याच्या शेतावर बिल्डिंग झाली, बदल्यात तिला फ्लॅट मिळाला. उरलेल्या तुकड्यातलं भात ती पार्किंगमध्ये वाळवते, म्हणून सोसायटीने केस टाकलीय.

जजसाहेबांनी विचारलं, "आजी, पार्किंगमध्ये भात वाळवता का?"

"कसलं पार्किंग? त्ये आमचं खळं हाय. गाड्या ह्यांनी आनल्या."

सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा हसला. आत्याच्या वकिलाने मात्र कपाळाला हात लावला, कारण तिने सगळं कबूलच केलं होतं. निकाल लागेपर्यंत तिथं भात वाळवायला मनाई झाली.

रिक्षात आत्या म्हणाली, "कापनी तर झालीय. आता भात काय बेडरूममदी वाळवू?"

मंडळी, तुमच्या सोसायटीत भात कुठे वाळवतात?